पाणी आधी, प्रश्न नंतर

घानात कुणाच्या घरी गेलं की दाराशी उभं राहून 'आगो' अशी हाळी द्यायची. आतून 'आमे' असं उत्तर आलं की मगच आत शिरायचं. बसायला खुर्ची किंवा लाकडी बैठक पुढे येते, पाठोपाठ पेलाभर पाणी. पाणी पिऊन होईपर्यंत यजमान एकही प्रश्न विचारत नाही. मग घरातलं वडीलधारं माणूस आधी आपल्याकडचं क्षेमकुशल सांगतं आणि त्यानंतर पाहुण्याला 'अमान्ने' विचारतं: कुठून आलात, वाटेत कसं झालं, काय काम काढलंत. रोज दिसणारा शेजारी असला तरी हा क्रम चुकत नाही. अकान समाजात लग्नाची बोलणी करायला आलेल्यांनाही हाच प्रश्न असतो, आणि उसने पैसे मागायला आलेल्यालाही.

घाईची सवय लागलेल्या शहरी पाहुण्याला सुरुवातीला हे लांबण वाटतं. थोड्याच दिवसांत त्यातली सोय कळू लागते. आलेला माणूस दमलेला, घाबरलेला किंवा रागावलेला असू शकतो. पाण्याच्या निमित्ताने त्याला श्वास घ्यायला उसंत मिळते, आणि यजमानालाही त्याचा चेहरा वाचता येतो. घानातल्या समाजजीवनाची ओळख करून घ्यायला हा रिवाज उत्तम आहे, कारण तिथे आपुलकी मनात असून भागत नाही. ती ठरलेल्या क्रमाने, चारचौघांसमोर, रोज करून दाखवावी लागते.

देश तसा मोठा नाही. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे तीन चतुर्थांश, आणि २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३ कोटी ८ लाख. मुंबईहून अदिस अबाबामार्गे राजधानी अक्राला जाता येतं. पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला सोबत हवाच. घड्याळ साडेपाच तास मागे न्यायचं. 'गोल्ड कोस्ट' ही ब्रिटिश वसाहत ६ मार्च १९५७ रोजी स्वतंत्र झाली आणि तिने घाना हे नाव घेतलं. क्वामे एन्क्रुमा यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली तेव्हा त्यांच्या अंगात कोट-टाय नव्हता. त्यांनी देशाच्या उत्तर भागातला हातमागाचा घोळदार सदरा, म्हणजे फुगू, घातला होता. आजही शुक्रवारी कचेऱ्यांमधून देशी कापडाचे सदरे आणि झगे दिसतात. २००४ पासून सरकारनेच त्याला प्रोत्साहन दिलं.

अभिवादनाबाबत घाना फार काटेकोर आहे. रस्त्यात कुणाला थेट पत्ता विचारला तर समोरचा माणूस आधी 'गुड मॉर्निंग' म्हणतो, उत्तराची वाट पाहतो आणि मगच रस्ता सांगतो. तो पाहुण्याला शिकवत असतो, पण आवाज न चढवता. दहाजण बसलेले असतील तर आपल्या उजव्या हाताच्या माणसापासून सुरुवात करून डावीकडे सरकत एकेकाशी हस्तांदोलन करायचं, मधल्या कुणाला वगळायचं नाही. मित्र असतील तर हात सोडताना बोटांनी चुटकी वाजते. उत्तरेकडच्या दागोम्बा लोकांत वडीलधाऱ्यांपुढे उकिडवं बसून नमस्कार करतात. डाव्या हाताने पैसे देणं, वस्तू घेणं किंवा हात हलवून बोलावणं हा अपमान समजला जातो. उजव्या हातात ओझं असेल तर डावा पुढे करण्याआधी माणसं माफी मागतात.

हे सगळे शिष्टाचार गावातल्या अंगणात टिकून असणं समजण्यासारखं आहे. ते गर्दीत कसे टिकतात हे पाहायचं तर ट्रोट्रोत बसावं.

ट्रोट्रो म्हणजे खासगी मिनीबस. बहुतेक गाड्या परदेशातून वापरून आलेल्या असतात. काहींच्या अंगावर जर्मन किंवा डच कंपन्यांची जुनी नावं अजून पुसलेली नसतात. मागच्या काचेवर मात्र मालकाचं स्वतःचं वाक्य असतं. कुठे देवाच्या वेळेवर विश्वास ठेवायला सांगितलेलं, कुठे शत्रूंना उद्देशून दोन शब्द, कुठे नुसतं आईचं नाव. दारात लटकणारा पोरगा म्हणजे 'मेट'. अक्रातल्या एन्क्रुमा सर्कल या चौकाकडे गाडी जात असेल तर तो 'सर्क, सर्क, सर्क' असा धोशा लावतो आणि बोट हवेत गोल फिरवतो. लांबून आवाज ऐकू आला नाही तरी बोट दिसतं. मधल्या वाटेत घडीच्या खुर्च्या उघडून माणसं बसतात, त्यामुळे मागच्याला उतरायचं झालं की अर्धी गाडी उठते. कुणी कुरकुरत नाही.

भाड्याचा व्यवहार तर पाहत राहावा असा. शेवटच्या ओळीतली बाई नोट पुढच्या माणसाच्या खांद्यावरून देते. नोट हातोहात मेटपर्यंत जाते आणि उरलेली मोड त्याच वाटेने परत येते. कधी चौघांची मोड एकत्र मिळते, मग त्या अनोळखी चौघांनी आपसांत हिशेब मिटवायचा. सिग्नलला गाडी थांबली की डोक्यावर टोपल्या घेतलेल्या विक्रेत्या खिडक्यांना भिडतात. तळलेल्या केळ्यांच्या चकत्या, रुमाल, अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या पिशव्या. सिग्नल सुटला आणि मोड द्यायची राहिली तर विक्रेती गाडीच्या बरोबरीने धावत येऊन ती खिडकीत टाकते. तिला ते गिऱ्हाईक पुन्हा कधी भेटण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे लक्षात घेतलं की त्या धावण्याचं मोल कळतं. पाण्याच्या त्या रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्यांनी अक्राची गटारं तुंबतात, हेही त्याच रस्त्यावर दिसतं.

अक्राचा मकोला बाजार आणि कुमासीचा केजेटिया बाजार या दोन्हींवर बायकांचं राज्य आहे. घाऊक आणि किरकोळ व्यापाराचा मोठा हिस्सा त्यांच्या हाती असतो. टोमॅटो, याम कंद, कांदा, कापड अशा एकेका मालाची एकेक 'ओहेमा', म्हणजे राणी, असते. हे पद नुसतं मिरवायचं नाही. कोणत्या दिवशी किती ट्रक उतरावेत, जागेवरून भांडणाऱ्या दोघींत कोण खरी, आजारी पडलेल्या विक्रेतीचा गाळा कुणी सांभाळायचा, हे सगळं तिच्यापुढे येतं. सदस्येच्या घरी मृत्यू झाला की बाजाराच्या वतीने जाणं हेही तिचंच काम. १९७९ मध्ये लष्करी राजवटीने साठेबाजीचा ठपका ठेवून मकोलातला मुख्य बाजार जमीनदोस्त केला. महागाई या बायकांमुळे वाढली असं सैनिकांचं म्हणणं होतं. बाजार पडला, महागाई हटली नाही, आणि बायका आजूबाजूच्या रस्त्यांवर पुन्हा माल मांडून बसल्या.

त्यांची बचतही त्यांच्याच रीतीने चालते. 'सुसू'वाला रोज सकाळी गाळ्यागाळ्यावर येतो, ठरलेली छोटी रक्कम घेतो, कार्डावर खूण करतो. महिनाअखेर सगळे पैसे परत मिळतात. एका दिवसाची रक्कम तेवढी त्याची मजुरी. व्याज नाहीच, उलट पदरचंच थोडं जातं. तरी हजारो बायका हे करतात, कारण घरात ठेवलेले पैसे मागायला भाचा, दीर, शेजारी कुणीही येऊ शकतो आणि त्यांना नाही म्हणणं अवघड असतं. ज्या समाजात प्रत्येकाला दिलं पाहिजे, तिथे स्वतःपुरतं काही राखायचं तर ते दुसऱ्याच्या हाती ठेवावं लागतं. आता पिवळ्या छत्र्यांखाली बसलेले मोबाइल मनीचे एजंट गल्लोगल्ली दिसतात, तरी सुसूवाला टिकून आहे.

याच बाजारात 'कायायो' दिसतात. उत्तरेकडच्या कोरड्या भागातून आलेल्या मुली, काही अगदी कोवळ्या वयाच्या, पत्र्याचं मोठं घमेलं डोक्यावर घेऊन गिऱ्हाइकामागे चालतात. रात्री दुकानांच्या पडवीत किंवा दाटीवाटीच्या खोपटांत झोपतात. आपसांत पैसे जमवून एकीला लग्नाची भांडी घ्यायला मदत करतात. नात्यागोत्याने घट्ट विणलेला हा समाज आपल्याच देशातल्या या मुलींना मात्र फारसं सामावून घेत नाही. आपुलकीच्या गोष्टी सांगताना त्यांना वगळणं खोटेपणाचं होईल.

जेवणाच्या बाबतीत मराठी माणसाला हाताने खाण्याचा सराव असतो, म्हणून अर्धी अडचण सुटते. उकडलेला कसावा आणि कच्ची केळी लाकडी उखळात कुटून फुफू होतो. एकजण उभ्याने लांब मुसळ घालतो आणि दुसरी बसून प्रत्येक घावानंतर गोळा हाताने उलटवते. मुसळ आणि बोटं यांची वेळ इतकी जुळलेली असते की पाहणाराच दचकतो. फुफू चावायचा नसतो. तिखट पातळ रश्श्यात बुडवून गिळायचा. मक्याचं आंबवलेलं पीठ कणसाच्या सालीत बांधून शिजवलं की केंके. तांदूळ आणि चवळी ज्वारीवर्गी झाडाच्या पानांबरोबर लालसर शिजवली की वाचे. सकाळी शाळकरी पोरांपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे वाचेच्या रांगेत असतात. अळूच्या जातीच्या पानांची कोंटोमिरे ही भाजी कोकणी माणसाला लगेच आपली वाटेल. शाकाहारी माणसाने मात्र आधी विचारून घ्यावं, कारण सुकी मासळी इथे मिठासारखी कशातही पडते.

कुणी जेवत असताना ओळखीचा माणूस जवळून गेला तर खाणारा ताटाकडे हात दाखवून 'या, बसा' म्हणतो. बहुतेकदा पाहुणा हसून नको म्हणतो. पण कधी तो खरोखरच हात धुऊन बसला तर ताट दोघांचं होतं. ते आमंत्रण तोंडदेखलं नसतं.

कुमासीपासून जवळच असलेल्या बोनविरे गावात केंटे विणतात. चार बोटं रुंदीच्या लांबलचक पट्ट्या मागावर निघतात आणि त्या एकमेकींना शिवून वस्त्र होतं. परंपरेने विणणारे पुरुष. प्रत्येक नक्षीला नाव असतं आणि कोणत्या प्रसंगी कोणती नेसायची हे जाणकारांना ठाऊक असतं. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने या विणकामाचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. गावात शिरलं की पर्यटकांच्या अंगावर शाली टाकणाऱ्या पोरांचा गराडा पडतो. त्यातून वाट काढून मागाशी निवांत बसलेल्या एखाद्या वयस्कर विणकराकडे जावं.

त्याच रस्त्याने पुढे कोकोची शेतं लागतात. १८७९ च्या सुमारास टेट्टे क्वार्शी या लोहाराने फर्नांडो पो बेटावरून आणलेल्या बिया माम्पाँगला लावल्या आणि देशाचं नशीब पालटलं. कोकोच्या उत्पादनात घानाचा क्रमांक शेजारच्या कोत दिव्वारच्या खालोखाल लागत आला आहे. लहान शेतकरी अजूनही 'न्नोबोआ' पद्धतीने एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबतात. आज तुझ्या शेंगा फोडायला सगळे, उद्या माझ्या. मजुरी नाही, जेवण शेतमालकाचं. आपल्याकडची इरजिक ज्यांनी पाहिली किंवा आजोबांकडून ऐकली आहे, त्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. १९९३ मध्ये स्थापन झालेली 'कुआपा कोकू' ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था अशाच सवयीच्या जमिनीत रुजली. पुढे ती एका ब्रिटिश चॉकलेट कंपनीची भागीदार झाली.

अकान लोक लोकसंख्येत निम्म्याच्या आसपास आहेत आणि त्यांची वंशावळ आईकडून चालते. माणूस आपल्या आईच्या 'अबुसुआ'चा, म्हणजे कुळाचा. त्यामुळे मामा, वोफा, हा बापाइतकाच, कधी त्याहून मोठा. जुन्या रीतीने पुरुषाचा वारस त्याचा मुलगा नसे, बहिणीचा मुलगा असे. त्यामुळे नवऱ्यामागे विधवेला आणि मुलांना घराबाहेर पडावं लागल्याच्या कहाण्या खूप आहेत. १९८५ च्या वारसा कायद्याने हे बदललं. मृत्युपत्र नसेल तर राहतं घर आणि घरातल्या वस्तू जोडीदार आणि मुलांना. उरलेल्या मालमत्तेत मुलांना ९/१६, जोडीदाराला ३/१६, आईवडिलांना १/८, आणि शेवटचा १/८ रूढीप्रमाणे. कायदा करणाऱ्यांनी कुळाचा वाटा कमी केला, पण शून्य केला नाही. यात त्या समाजाची नाडी ओळखल्याची खूण आहे. गा, एवे आणि उत्तरेकडच्या बहुतेक समाजांत मात्र वंश बापाकडून मोजतात.

या कुळांचं खरं बळ १९८३ मध्ये दिसलं. त्या वर्षी जानेवारीत नायजेरियाने परवाना नसलेल्या परदेशी कामगारांना देश सोडायला सांगितलं. त्यांत सुमारे दहा लाख घानावासी होते. चौकटींच्या स्वस्त पिशव्यांत संसार कोंबून माणसं ट्रकमधून, बोटींतून परतली. त्या पिशव्यांना पश्चिम आफ्रिकेत आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. घानात तेव्हा भीषण दुष्काळ होता, वणव्यांनी कोकोच्या बागा जळाल्या होत्या. उपाशी माणसांच्या गळ्याची हाडं वर आली होती आणि लोक त्यांना राष्ट्रप्रमुखाच्या नावाने 'रॉलिंग्ज हार' म्हणत. अशा वेळी लोकसंख्येत अचानक एवढी भर पडूनही निर्वासितांच्या छावण्यांची शहरं उभी राहिली नाहीत. काही आठवड्यांत बहुतेक माणसं कुठल्या ना कुठल्या चुलत्या-मामाच्या अंगणात सामावली गेली. 'आगो' म्हणत आली असतील, आणि प्यायला पाणी तरी मिळालंच असेल. कुठल्याही सरकारी योजनेला एवढ्या थोड्या वेळात ते साधलं नसतं.

माणूस जन्मतो तोही एकटा राहू नये अशी सोय आहे. मूल आठ दिवसांचं झालं की पहाटे त्याला बाहेर आणून नाव ठेवतात. जिभेवर आधी पाण्याचा थेंब, मग दारूचा. पाणी असेल तर पाणी म्हण, दारू असेल तर दारू म्हण, असं त्याला बजावतात. खरं बोलण्याचा हा पहिला धडा. जन्मवाराचं नाव तर त्याआधीच मिळालेलं असतं. सोमवारचा क्वाजो, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे; मुलींत सोमवारची अजोआ, शुक्रवारची अफुआ, शनिवारची आमा. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अत्ता अन्नान यांच्या नावातून ते शुक्रवारी जन्मले आणि जुळ्यांपैकी एक होते, एवढं कुठल्याही अकान माणसाला न विचारता कळे.

हीच नावं समुद्रापार गेली. एल्मिनाचा किल्ला पोर्तुगिजांनी १४८२ मध्ये बांधला, केप कोस्टचा पुढे ब्रिटिशांच्या हाती आला. दोन्ही ठिकाणच्या तळघरांत गुलामांना कोंबून ठेवत आणि मग जहाजांवर चढवत. १९७९ पासून किनाऱ्यावरचे हे किल्ले जागतिक वारसा आहेत. साखळदंडातल्या माणसांकडून जमीन, भाषा, देव सगळं काढून घेतलं, तरी वाराचं नाव काहींनी जपलं. जमैकात इंग्रजांना जेरीस आणून १७३९ मध्ये तह करायला लावणारा पळून गेलेल्या गुलामांचा पुढारी कजो, म्हणजे सोमवारचा क्वाजोच. केप कोस्टच्या किल्ल्यात समुद्राकडे उघडणाऱ्या दाराला 'परत न येण्याचं दार' म्हणतात. आता त्याच्या बाहेरच्या बाजूला 'परतीचं दार' अशी पाटी आहे. २०१९ हे घानाने पुनरागमनाचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि अमेरिकेतून आलेल्या कितीतरी कृष्णवर्णीयांनी इथे स्वतःचं बारसं करवून घेतलं. पन्नाशीची माणसं आपला जन्मवार शोधून काढतात आणि ते नाव स्वीकारताना रडतात. किल्ल्याच्या तळघरात गाइडचं बोलणं ऐकताना जे पेलवत नाही, ते या बारशात थोडं हलकं होतं.

प्रजासत्ताक असूनही घानात राजे आहेत आणि त्यांना घटनेने मान्यता दिली आहे. कुमासीच्या मान्हिया राजवाड्यात दर बेचाळीस दिवसांनी रविवारी अक्वासिदाए साजरा होतो. मोठमोठ्या छत्र्यांखाली असांतेहेने, म्हणजे अकानांपैकी असांते लोकांचे राजे, बसतात. १९९९ पासून ओसेइ तुतु दुसरे गादीवर आहेत. त्यांच्यापुढे जाताना पुरुष पायताण काढतात आणि खांद्यावरचं वस्त्र खाली घेतात. राजाशी कुणी थेट बोलत नाही. मध्ये 'ओचिआमे' असतो, सोन्याचा मुलामा दिलेल्या काठीचा मानकरी. एका काठीच्या टोकाला अंडं धरलेला हात असतो. सत्ता घट्ट आवळली तर फुटेल, सैल धरली तर पडेल. राजमाता नवा राजा सुचवते, आणि तिला राजाला चारचौघांत सुनावण्याचा हक्क असतो. १९०० मध्ये ब्रिटिश गव्हर्नरने असांतेंचं पवित्र सुवर्णासन मागितलं तेव्हा युद्धाला उभी राहिली ती एजिसूची राजमाता याआ असांतेवा. २०२४ मध्ये लंडनच्या दोन संग्रहालयांनी असांतेंच्या ३२ वस्तू, त्यांतल्या बऱ्याचशा ब्रिटिशांनी लुटलेल्या, मान्हिया संग्रहालयाला पाठवल्या, त्याही उसन्या. असांते माणसं मुलाबाळांना घेऊन त्या पाहायला रांगा लावत होती.

धर्माचा गजबजाट सगळीकडे आहे. सुमारे ७१ टक्के ख्रिस्ती, २० टक्के मुसलमान, आणि केशकर्तनालयांपासून टायरच्या दुकानांपर्यंत सगळ्यांवर देवाचं नाव. तरी भांडण नाही. २०१९ च्या ईस्टरला, वयाची शंभरी पूर्ण होत असताना, देशाचे प्रमुख इमाम शेख उस्मान नुहू शारुबुतू अक्रातल्या कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थनेला जाऊन बसले. काहींनी टीका केली, पण ते शांत राहिले.

भारताच्या खुणाही भेटतात. अक्राच्या ओडॉरकोर भागात घानाचेच असलेले स्वामी घनानंद सरस्वती यांनी स्थापलेला हिंदू मठ आहे. तिथले भक्त बहुतांश स्थानिक, आणि तिथे गणेशोत्सवही होतो. राष्ट्राध्यक्षांचं 'ज्युबिली हाउस' मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने भारताच्या कर्जसाहाय्यातून बांधलं, ते २००८ मध्ये पूर्ण झालं. जून २०१६ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी लेगॉनच्या घाना विद्यापीठात गांधीजींच्या पुतळ्याचं अनावरण केलं. आफ्रिकी लोकांबद्दल गांधीजींनी तरुणपणी केलेल्या लिखाणावर आक्षेप घेऊन प्राध्यापकांनी विरोध केला आणि डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलवला गेला. भारतीय पाहुण्याने ही बाजू ऐकून घ्यावी. आक्षेप घेणारेही त्याला आधी पाणीच देतात.

पण घाना पाहायचं तर शनिवार राखून ठेवावा. शनिवार अंत्यविधींचा.

माणूस गेल्यावर अकान कुटुंब लगेच दफन करत नाही. देह शवागारात ठेवतात. आठवड्याने मंडळी जमतात आणि विधीची तारीख ठरते, कधी महिन्यांनंतरची. मुसलमानांकडे मात्र दफन लगोलग होतं. चौकाचौकांत मोठे रंगीत फलक लागतात. मृताचा फोटो, खाली कुळप्रमुख, मुलं, नातवंडं, कोण लंडनला, कोण न्यूयॉर्कला, सगळ्यांची नावं. ठरल्या शनिवारी मंडपांच्या रांगा, शेकडो प्लॅस्टिकच्या खुर्च्या, काळ्या-लाल वस्त्रांतली माणसं. फार वयाचं माणूस कृतार्थ होऊन गेलं असेल तर काळं-पांढरं. ब्रास बँड वाजतो. शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणारे खांदेकरी २०२० मध्ये जगभरच्या मोबाइलवर पोचले. जगाने ते विनोद म्हणून पाहिले, घानात तो मान आहे. अक्राजवळच्या टेशीत गा लोकांसाठी मासा, विमान, कोकोची शेंग अशा आकारांच्या शवपेट्या घडवतात. सेथ केन क्वेइ यांनी ही कला नावारूपाला आणली आणि १९८९ मध्ये ती पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात पोचली. कोळ्याला मासा, शेतकऱ्याला शेंग. उत्तरेत दगाबा आणि फ्राफ्रा यांच्यात थट्टेचं नातं आहे, म्हणून एकाकडे मृत्यू झाला की दुसरा येऊन मुद्दाम खोड्या काढतो आणि रडणाऱ्यांना हसवतो.

मंडपाच्या तोंडाशी एक टेबल असतं. येणारा पाकीट देतो, कारकून वहीत लिहितो, पावती फाडतो, आणि माइकवरून नाव आणि रक्कम जाहीर होते. ओळखीतल्या कुणाचा विधी चुकवला तर तो वर्षानुवर्षं लक्षात राहतो. परगावी असलेला माणूस निदान मोबाइलवरून पैसे पाठवतो. याचा ताणही मोठा आहे. कुळ प्रेतावर प्रेम करतं, अशी अकान म्हणच आहे. औषधाला न जमलेले पैसे मंडपाला जमतात, असं घानाची माणसं स्वतः कडवटपणे सांगतात. खर्चाला आळा घालायचे प्रयत्न पारंपरिक मंडळं आणि चर्च वेळोवेळी करत आले आहेत, त्यांना यश बेताचंच येतं. टीका रास्त आहे. तरीही, नोकरीसाठी अक्रात किंवा परदेशात पांगलेलं कुळ एका जागी बसतं, नवे जावई-सुना दाखवल्या जातात, जुनी भांडणं वडीलधाऱ्यांपुढे येतात, ते याच शनिवारी. हा दिवस काढून घेतला तर त्याच्या जागी काय ठेवणार, याचं उत्तर टीकाकारांकडेही नाही.

रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना होते. मग मंडप उतरतात आणि 'अबुसुआपान्यिन', म्हणजे कुळप्रमुख, जवळच्यांना बसवून घेतात. वही उघडली जाते. पेटी, बँड, खुर्च्या, जेवण, शवागाराचं भाडं एकीकडे, आलेल्या देणग्या दुसरीकडे. पैसे उरले तर विधवेसाठी किंवा मुलांच्या फीसाठी किती ठेवायचे यावर चर्चा होते. तूट आली तर ती कुळातल्या कमावत्या माणसांत वाटून घेतात. ज्याची नोकरी गेली आहे त्याचा वाटा कमी धरतात, परदेशातल्याचा जास्त. प्रत्येकाला आपला आकडा सगळ्यांसमोर सांगितला जातो, आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवूनच माणसं उठतात.